पान मुठीने, तेल थेंबाने

उटीहून परतणाऱ्या बेंगळुरूकराच्या पिशवीत घरगुती चॉकलेट, चहापत्ती आणि निलगिरी तेलाची बाटली हमखास असते. मग ती बाटली वर्षभर घरात फिरते. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब, वाफाऱ्याच्या पातेल्यात चार, गुडघा दुखला की तळहातावर ओतून मालिश, डोकं चढलं की कपाळाला बोट. ‘नैसर्गिकच तर आहे, त्यानं काय होतंय?’ असं म्हणत घरातले सगळे ती वापरतात, पाहुणेही वापरतात.

याच शहरातल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सवयीकडे नीट लक्ष दिलं. फिट येऊन दाखल झालेल्या रुग्णांकडे ते एक साधी चौकशी करू लागले : फिट येण्याआधी काही तेल, बाम, कापूर वापरला होता का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३५० रुग्ण होते. त्यांपैकी ५५ जणांच्या फिटमागे निलगिरी किंवा कापूर असलेली तेलं आणि बाम असावेत, असं दिसून आलं. यातल्या काहींना अपस्मार आधीपासून होता, पण काहींना फिटचा कसलाही पूर्वेतिहास नव्हता. निलगिरीतला सिनिओल आणि कापूर हे दोन्ही पदार्थ मेंदूला उत्तेजित करतात. ते तेल पिण्याचीही गरज नसते, हुंगून किंवा चोळूनही ते शरीरात जातात.

हे वाचून घरातला औषधी पसारा कचऱ्यात टाकू नका. तुळस, आलं, ओवा, गवती चहा यांच्यावर माझा पुरेपूर विश्वास आहे आणि किरकोळ दुखण्यांत मी त्यांचाच आधार घेते. पण वनस्पती आणि तिचं सुगंधी तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. आजीच्या बटव्यात सुंठ होती, वेखंड होतं, जायफळ होतं. लहानशा तपकिरी बाटलीतलं अर्कतेल तिथं नव्हतं. आजीचा अनुभव या बाटलीला लावता येत नाही.

थोडा हिशोब करून पाहू. गवती चहाच्या १०० किलो ओल्या पातीतून वाफेच्या भट्टीत साधारण अर्धा किलो तेल निघतं. म्हणजे एका थेंबात आठ-दहा ग्रॅम पात मावली. आपण चहाच्या आख्ख्या भांड्यात घालतो तेवढी ही पात झाली. चमचाभर तेल, म्हणजे पाच मिलिलिटर, घेतलं तर ती जवळजवळ किलोभर पात होते. किलोभर गवती चहा एका घोटात कुणी पिणार नाही, पण ‘पोटात वायू झालाय, चमचाभर तेल घे’ असं सांगणारे व्हिडिओ मात्र भरपूर आहेत. सुगंधी तेल घरच्या घरी पोटात घ्यायचं नाही. कुठलंही नाही, थेंबभरही नाही. बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिलं असेल तर ही खबरदारी जास्तच हवी.

बेंगळुरूला हे तेल काढण्याचं काम नवं नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत म्हैसूर संस्थानचं चंदनाचं लाकूड तेल काढण्यासाठी जर्मनीत जात असे. युद्धामुळे ती वाट बंद झाली, तेव्हा इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आसवनाचे प्रयोग झाले आणि १९१६ पासून संस्थानानं स्वतःचं चंदनतेल काढायला सुरुवात केली. पुढे आलेला म्हैसूर सँडल साबण त्यातूनच जन्मला. यशवंतपूरकडच्या त्या कारखान्याच्या नावानं आज मेट्रोचं स्थानकसुद्धा आहे. चंदनाचं खरं तेल किती महाग असतं याची या शहराला चांगली कल्पना आहे, म्हणून रस्त्यावर दोनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘चंदन तेला’बद्दल वेगळं सांगायला नको. घरी चंदन हवं असेल तर खोड आणि सहाण घ्या. घामोळ्यांवर लावायला उगाळलेलं गंध पुरेसं होतं.

आता पानांकडे वळू. यात करण्यासारखं खूप आहे.

आयुर्वेदात वनस्पतीतून औषध काढण्याच्या पाच मूळ पद्धती आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. म्हणजे पिळलेला रस, वाटलेला गोळा, काढा, थंड पाण्यात भिजवणं आणि गरम पाण्यात मुरवणं. आपण मात्र सगळ्याचा काढाच करतो. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा गुण त्यांच्या वासात असतो. ती पानं वीस मिनिटं खळाखळा उकळली की स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात कडवट पाणी उरतं. अशा पानांचा फांट करायचा. कपभर पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात तुळशीची आठ-दहा पानं किंवा गवती चहाची दोन पाती हातानं चुरडून टाका, ताटली झाका आणि सात-आठ मिनिटं थांबा. ताटलीच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही कपातच झटका, वास त्यांच्यातच असतो.

उकळायचं ते मुळं, साली आणि काष्ठं : सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी. शार्ङ्गधर संहितेत काढ्यासाठी औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन ते आठव्या हिश्श्यापर्यंत आटवायला सांगितलं आहे. घरगुती वापराला इतका कडक काढा लागत नाही. चहाचा एक चमचा भरड दोन कप पाण्यात टाकून मंद आचेवर अर्धा कप राहीपर्यंत आटवला, की घशाच्या खवखवीला पुरतो. भरड हा शब्द मुद्दाम वापरला. वस्त्रगाळ पूड काढ्यात चिखल करते, आणि बाजारच्या पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून मुलंही आवडीनं घेतात, पण रोज घेतल्यास त्यानं रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावं. अडुळसाही गरोदरपणात नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. एरवी कफावर अडुळसा गुणाचा आहे. खोकल्याच्या औषधांत असणारं ब्रोमहेक्सीन हे द्रव्य त्यातल्याच व्हॅसिसिनवरून तयार झालं.

उन्हाळ्यात, म्हणजे इथं मार्च-एप्रिलमध्ये, धण्याचं हिम करून पाहा. चमचाभर धणे जरासे भरडून कपभर पाण्यात रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी गाळून घ्यायचे आणि हवी तर खडीसाखर घालायची. लघवीची जळजळ त्यानं शमते. पण जळजळीबरोबर ताप किंवा कंबरदुखी असेल तर धण्यांवर दिवस काढू नका, लघवीची तपासणी करून घ्या.

या सगळ्या वस्तू बेंगळुरूत मिळतात, फक्त दुकानाला इथं ‘ग्रंथिगे अंगडी’ म्हणतात. अव्हेन्यू रोड, चिकपेट आणि के. आर. मार्केटच्या गल्ल्यांत, मल्लेश्वरम आणि गांधी बाजारात अशी दुकानं आहेत. पूजेचं सामान आणि काष्ठौषधी एकाच फळीवर मांडलेल्या दिसतील. वेखंडाला ‘बजे’, पिंपळीला ‘हिप्पली’, हिरड्याला ‘अळलेकाई’, ओव्याला ‘ओमकाळु’, गुळवेलीला ‘अमृतबळ्ळी’ आणि गवती चहाला ‘मज्जिगे हुल्लु’ म्हणा, म्हणजे काम होईल. घेताना वस्तू अख्खी घ्या. मोडून बघा, हुंगून बघा. सुंठ मोडताना तंतू दिसले पाहिजेत, लवंगेवर नख दाबलं तर तेलाचा ओलावा यायला हवा. ज्या लवंगेतून तेल आधीच काढून घेतलंय ती पाण्यावर आडवी तरंगते.

ब्राह्मीचा घोटाळा मात्र इथंही आहे आणि महाराष्ट्रातही. बाजारात ‘ओंदेलगा’ म्हणून गोलसर, कातरलेल्या पानांच्या जुड्या मिळतात, ती मंडूकपर्णी. तिलाही लोक ब्राह्मी म्हणतात. दुसरी, पाणथळ जागी वाढणारी, बारीक जाड पानांची आणि फिकट फुलांची ती बाकोपा. कोशिंबीर-चटणीला पहिली चांगली. वैद्यांनी ‘ब्राह्मी’ लिहून दिली असेल तर कोणती ते विचारूनच घ्या. वनस्पती प्रत्यक्ष ओळखायची असेल तर येलहंकाजवळ एफआरएलएचटीची औषधी वनस्पतींची बाग आहे. देशी वनस्पती आणि लोकवैद्यक यांच्या जतनासाठी ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली, आता तिथं विद्यापीठही आहे. पाटी लावलेलं झाड एकदा पाहिलं, पान हातात घेऊन हुंगलं, की फोनवरच्या चित्रांवर विसंबावं लागत नाही.

ओळखीची ही बाब वरवरची नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात ‘प्रतिकारशक्ती’साठी लोक ती महिनोन्‌महिने घेत होते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आपल्यासाठी दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो : कुंपणावरची वेल स्वतः तोडून रोज पिऊ नये. ज्यांना यकृताचा किंवा स्वयंप्रतिकाराचा आजार आहे त्यांनी तर मुळीच नाही.

इथल्या शेजाऱ्यांकडून एक गोष्ट मात्र जरूर उचला, ती म्हणजे तंबुळी. ओव्याच्या पानाला, म्हणजे त्या जाड, लवदार, चुरडताच ओव्याचा वास येणाऱ्या पानाला, कन्नडमध्ये ‘दोड्डपत्रे’ म्हणतात. दहा-बारा पानं चमचाभर तुपात जिरं आणि चार मिऱ्यांबरोबर परतायची. पानं आधी पाणी सोडतात, मग आक्रसून मूठभराची चिमूटभर होतात आणि हिरवा रंग करडा पडतो. गार झाली की दोन चमचे ओलं खोबरं घालून गुळगुळीत वाटायची, ताकात कालवायची, वर मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची. गरम भाताबरोबर खायची. सर्दी-पडशाच्या आठवड्यात, पोट जड असताना, तोंडाची चव गेलेली असताना हे जेवण औषधाचं काम करतं. आणि मात्रा चुकण्याची भीती नाही, कारण ते अन्न आहे. झाड कुंडीत लावायला फांदीचा तुकडा पुरतो. बेंगळुरूच्या मऊ हवेत ते बाल्कनीत बारा महिने टिकतं, फक्त पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका.

केसांसाठी किंवा मालिशसाठी घरी सिद्ध केलेलं तेल हाही चांगला मार्ग आहे. इथं खोबरेल तेलात वनस्पतीचा अंश उतरतो, पण अर्कतेलाइतका तीव्र होत नाही. पाव किलो खोबरेल तेल, मूठभर माका किंवा मंडूकपर्णी, मूठभर कढीपत्ता आणि चार-पाच जास्वंदी घ्या. पानं पाणी न घालता वाटा, तेलात टाका आणि जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर ठेवा. आधी खूप बुडबुडे आणि चरचर येते, ते पानांतलं पाणी. हळूहळू चरचर थांबते आणि तळाचा हिरवा गाळ काळपट व्हायला लागतो. तेव्हा तो थोडा काढून बोटांत वळून बघा. त्याची वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी पूर्ण गेलं. जुन्या ग्रंथांत हीच खूण दिली आहे. वात तडतडली आणि तरीही तेल उतरवलंत तर आठ-पंधरा दिवसांत बुरशी येणार. गाळ पूर्ण काळा होईस्तोवर थांबलात तर तेल जळकट होतं. गार झाल्यावर कोरड्या फडक्यातून गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, बाटलीवर तारीख लिहा.

सुगंधी तेलाची बाटली वापरायचीच असेल, तर आता तिचे नियम. विकत घेताना लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ म्हणजे कृत्रिम सुवास, त्याचा औषधाशी संबंध नाही. अंगाला लावण्याआधी ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळायलाच हवं. ३० मिलिलिटर तेलात बारा थेंब म्हणजे साधारण दोन टक्के. प्रौढ माणसाच्या हातापायांना याहून जास्त लागत नाही. चेहऱ्यासाठी सहा थेंब. बादलीभर पाण्यात थेंब टाकून आंघोळ करू नका, तेल पाण्यात मिसळत नाही आणि तवंग होऊन नेमकं नाजूक त्वचेला चिकटतं. पहिल्यांदा लावताना मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. उघडून वर्ष-दीड वर्ष झालेलं टी ट्री तेल फेकून द्या, हवेनं बदललेल्या तेलाची ॲलर्जी लवकर येते.

दातदुखीला लवंग तेल खरंच आराम देतं, त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण कापसाचा बोळा त्यात बुडवून हिरडीवर दाबला तर हिरडी भाजते. अर्धा चमचा खोबरेलमध्ये एक थेंब, काडीवर घेऊन फक्त दुखऱ्या दाताला. किंवा सरळ लवंगच दाताखाली धरा. दात किडलेला असेल तर हा आराम दंतवैद्याकडे जाईपर्यंतचाच आहे.

उटीच्या दुकानांत निलगिरीच्या शेजारी आणखी एक बाटली असते, विंटरग्रीनची, सांधेदुखीसाठी. तिची मला निलगिरीपेक्षा जास्त काळजी वाटते. तिच्यातलं मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या घराण्यातलं आहे. एका चमचा तेलात ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या गुडघ्यांना रोज रात्री हे तेल चोळलं जातं आणि डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही, कारण ‘ते काही औषध नाही’. सांगा. हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, काढे, तेलं, सगळं डॉक्टरांना सांगा.

वाफारा घ्यायचा तर साध्या पाण्याचा, आणि मोठ्यांनीच. लहान मुलाला उकळत्या पाण्यावर वाकवून टॉवेल टाकणं म्हणजे भाजण्याला निमंत्रण. अपस्मार असलेल्यांनी निलगिरी, कापूर, रोझमेरी यांच्या वासापासूनही लांब राहावं. दमा असलेल्या घरात डिफ्यूझर रात्रभर चालू ठेवू नये. पंधरा-वीस मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, इतकंच. मांजर-कुत्रं असेल तर टी ट्री तेल घरात नकोच.

बाळांबद्दल मी तडजोड करणार नाही. गळ्यात कापूर-ओव्याची पोटली नको, छातीला-नाकाला बाम नको, दोन वर्षांखालच्या मुलांना कुठलंही सुगंधी तेल नको. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर गेला तर श्वास अडकू शकतो. देवघरातल्या कापराच्या वड्या तर खाऊसारख्या दिसतात. एखाद-दुसरी गिळली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि बाळगुटीबद्दल : पुण्या-कोल्हापूरहून आलेल्या आज्या सहाण आणि गुटीचा डबा घेऊनच येतात, त्यांचं प्रेम मी जाणते. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. त्यानंतरही वेखंड आणि जायफळ बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. आजींना तान्ह्याची मालिश करू द्या, साध्या खोबरेल तेलानं.

डासांसाठी सिट्रोनेला लावलं तर त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला पालथ्या घाला, त्यातच खरा बचाव आहे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नका, आणि डेंग्यूच्या शंकेत अंगदुखीवर विंटरग्रीन चोळू नका, कारण त्या तापात ॲस्पिरिनचं कुळच टाळायचं असतं.

मुलानं तेल किंवा कापूर गिळला तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, तेल फुप्फुसात गेलं तर धोका दुप्पट होतो. मीठ-पाणी, दूध काही पाजू नका. बाटली हातात घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं, क्रमांक १८०० ११६ ११७. हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा आणि उटीची बाटली कुलपाच्या कपाटात हलवा.